सहा सैल तारा

१

गिटारच्या पोटावर ताजी जखम होती. वरचं रोगण बोटभर तडकलं होतं, त्या फटीत ब्रिजची, म्हणजे तारा अडकवायच्या लोखंडी पट्टीची, मागची कड रुतून बसली होती आणि सहाच्या सहा तारा पायजम्याच्या सुटलेल्या नाडीसारख्या लोंबत होत्या.

"हात नका लावू, हृषीकेशजी," सुनंदाताई म्हणाल्या. "पहिले नीट बघून घ्या. तुमचं तर कामच हे आहे ना."

कामच हे आहे, यात शंका नाही. मी विम्याचा सर्व्हेअर. जळालेली गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या बघायच्या, मालकाची कहाणी ऐकायची, मान डोलवायची आणि त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, याचा मला पगार मिळतो. नगरहून इंदूरला येऊन चार वर्षं झाली. माझी बायको सरला बडा गणपतीजवळ सुनंदाताईंकडे गाणं शिकते, एवढाच माझा संगीताशी संबंध. रविवारी सकाळी नऊला तिचा फोन आला तेव्हा माझ्या पुढ्यात पोहे-जलेबीची प्लेट नुकतीच आली होती. ती तशीच सोडून मी ताईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन उभा होतो, त्यामुळे माझा मूड कसा असेल ते सांगायला नको.

गिटार ताईंच्या धाकट्या भावाची, शामची. महूच्या क्लबांमध्ये तो ती आयुष्यभर वाजवत आला आणि गेल्या वर्षी याच दिवशी गेला. आज संध्याकाळी सहाला मराठी मंडळाच्या सभागृहात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम होता आणि त्याची मुलगी उर्वी याच गिटारवर त्याची एक चाल वाजवणार होती. काल सभागृहात तालीम झाली. ताईंचं घर तिथून जवळ, म्हणून गिटार पहिल्यांदाच इथे मुक्कामाला आली. सकाळी उर्वीने गिटारची पेटी उघडली तेव्हा हे दिसलं.

"ही त्या ऋजुताची करामत आहे," ताई म्हणाल्या. "सांगलीची पोरगी. सिमरोलच्या कॅम्पसवर इंजिनिअरिंग करते. मागच्या हप्त्यात तिनेच याच्या स्प्रिंगा उघडून काय काय केलं होतं. परवा उर्वीने तिला सांगितलं, की बाबांची चाल मी एकटीच वाजवणार. त्यावरून दोघींचं भांडण झालं. आणि काल संध्याकाळी सात वाजता ती सामानात केबल विसरली म्हणून इथे आली, दहा मिनिटं या खोलीत एकटी होती. आता बोला!"

बोलायला त्यांनी काही शिल्लक ठेवलंच नव्हतं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, अडीचशे लोकांत, त्यांनी मेसेज टाकून दिला होता : 'ऋजुताने माझ्या भावाच्या वाद्याची नासधूस केली आहे. तिला सभागृहात पाय ठेवू देऊ नये.' खाली लाल तोंडांची रांग लागली होती. आता त्यांना तिच्या कॉलेजला तक्रारीचा मेल पाठवायचा होता. पुढच्या आठवड्यात कॅम्पसवर तिचा नोकरीचा इंटरव्ह्यू होता, हे त्यांना माहीत होतं. मेलचा मसुदा मीच लिहावा, अशी त्यांची इच्छा.

मी लिहिलाही. खोटं कशाला सांगू, छान लिहिला. फक्त 'नुकसानीचं कारण' ही ओळ कोरी ठेवली, कारण नसलेला कागद माझ्या हातून जात नाही. "चार वाजेपर्यंत वेळ द्या मला," मी म्हणालो. "बरं, काल याला शेवटचा हात कोणाचा लागला?"

"माझाच. ऋजुता यायच्या आधी मीच उतरवून ठेवलं हो, नीट, नेहमीसारखं. तेव्हा अगदी धडधाकट होतं."

मी डायरीत लिहून घेतलं : 'गाडीतून सामान उतरवलं – सुनंदाताई.'

२

ती गाडी चालवणारा वेदांत खाली सापडला. ताईंच्या बहिणीचा मुलगा, वय तिशीच्या आत. गाडीच्या डिकीत डोकं घालून काहीतरी करत होता आणि मला बघताच त्याने डिकी धाडकन बंद केली.

"काय आहे आत?"

"कुछ नहीं भिया. माझी गिटार आहे. उर्वीचा सकाळी फोन आला, की मामाची गिटार गेली कामातून. म्हटलं शामला गडबड नको व्हायला, म्हणून माझी घेऊन आलो."

शामच्या दिवशी 'शामला', म्हणजे संध्याकाळी, हे इंदूरच्या मराठीत मला आता कळायला लागलं होतं. कळत नव्हतं ते हे, की माणूस चांगलं काम करताना डिकी का आपटतो.

"सरला सांगत होती, शामरावांची गिटार तुला हवी होती म्हणे?"

त्याचे कान लाल झाले. "हवी होती, तो क्या? मामा नेहमी म्हणायचे, वेदांत, ही तुझीच. नंतर मौसी म्हणाली, मुलीचा हक पहिला. मी गप्प बसलो. आता दिसली कोणाला माझी गिटार तर म्हणतील, देखो, आधीच तयारी करून आला. म्हणून डिकी लावली. बस इतकी सी बात."

"काल ताईंनी गिटार गाडीतून उतरवली तेव्हा तू कुठे होतास?"

"कोणी उतरवली?" तो हसायलाच लागला. "भिया, मौसीचे घुटने बघितलेत का तुम्ही? तीन महिने झाले, ती जिना नाही उतरली. तालमीलाही नव्हती. आज चार जणं मिळून खुर्चीत बसवून खाली आणणार आहोत तिला. पेटी मीच वर नेली, मीच कोपऱ्यात भिंतीला टिकवली. साडेसहा वाजले होते."

दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. ताई ऐकू येण्याच्या अंतरावर नव्हत्या, पोराला गिटारचा मोह होता आणि डिकीत बदली गिटार तयार होती. मी वेदांतच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

३

ऋजुता मला सिमरोलला कॅम्पसच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटली. पाठीवर तिची स्वतःची गिटार. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. असे आवाज मला जास्त खटकतात.

"काका, तुम्ही ग्रुपवरचं वाचूनच आला असाल."

"वाचलं. आता मला ते यंत्र समजावून सांग. मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही."

तिने बाकावर गिटार उलटी ठेवली आणि पाठीवरचं झाकण काढलं. आत एक चौकोनी खळगा आणि त्यात तीन जाड स्प्रिंगा.

"ही रस्सीखेच आहे," ती म्हणाली. "पुढच्या बाजूला सहा तारा ब्रिजला मानेकडे ओढतात. ब्रिजचा एक जड ठोकळा पोटातून आरपार खाली येतो, त्याला या स्प्रिंगा खालून ओढतात. ब्रिज दोन खिळ्यांवर नुसता धारेवर टेकलाय, सीसॉसारखा. दोन्ही बाजूंचा जोर सारखा असेल तर तो मध्ये तरंगत राहतो. आता ही दांडी दाबा."

मी ब्रिजमधून बाहेर आलेली दांडी दाबली. ब्रिजची मागची कड वर उचलली गेली, तारा ढिल्या पडल्या, सूर खाली घसरला. सोडली तसा सूर जागेवर आला.

"आता वर ओढा."

ओढली. मागची कड लाकडाकडे झुकली, तारा ताणल्या गेल्या आणि सूर चढला. पन्नाशीच्या माणसाने टपरीवर हसू नये, पण मी हसलो. चार वेळा केलं मी ते.

"यालाच ट्रेमोलो म्हणतात ना?" येताना मोबाईलवर वाचलेलं ज्ञान मी पाजळलं.

"म्हणतात, पण नाव चुकलंय. ट्रेमोलो म्हणजे आवाज कमी-जास्त होणं. हे सूर हलवतं, म्हणजे व्हायब्रेटो. विकणाऱ्याने कधीतरी चुकीचा शब्द लावला आणि सगळ्यांनी तोच धरून ठेवला." मग तिने विचारलं, "शामकाकांच्या गिटारचा ब्रिज कसा आहे आत्ता?"

"मागची कड लाकडात रुतलीय."

"आणि तारा?"

"सैल. पार लोंबतायत."

तिचा चहाचा ग्लास तोंडाशी जाता जाता थांबला. काहीतरी तिच्या लक्षात आलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"काय झालं?"

"काही नाही. मी सांगून काय उपयोग? आज माझं कोण ऐकणार? तुम्हीच विचार करा, काका. आत्ता दांडी ओढलीत ना तुम्ही, त्याचाच करा."

"इंटरव्ह्यू कधी आहे तुझा?"

"गुरुवारी." एवढं बोलून तिने गिटार पाठीला लावली आणि ती फाटकातून आत गेली. ही मुलगी काहीतरी लपवते आहे, याबद्दल माझी खात्री पटली. त्याबाबतीत माझं चुकलं नव्हतं.

४

परत येताना गाडीत मी मनातल्या मनात ती दांडी पुन्हा पुन्हा ओढत होतो आणि भंवरकुआंच्या सिग्नलला ते डोक्यात शिरलं. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तरी मी तसाच बसलो.

ब्रिज मागे झुकला की तारा ताणल्या जातात. माझ्या हाताने मी हे केलं होतं. मग शामरावांच्या गिटारचा ब्रिज मागे रुतलेला असताना तारा सैल कशा? आम्ही सगळे उलटं धरून बसलो होतो. ब्रिज बिघडला म्हणून तारा सुटल्या, असं नव्हतंच. आधी कोणीतरी खुंट्या पिळून तारा सैल केल्या. रस्सीखेचेत एका बाजूने दोर सोडून दिला, स्प्रिंगा जिंकल्या आणि त्यांनी ब्रिज मागे ओढून लाकडात घुसवला.

ताईंकडे पोचलो तेव्हा साडेतीन वाजत आले होते. मी गिटार उलटी केली आणि झाकण उघडलं. तिन्ही स्प्रिंगा जागेवर. ज्या स्क्रूंनी त्या घट्ट किंवा सैल करतात, त्यांच्यावर आठवडाभराची धूळ जशीच्या तशी. मग खुंट्या बघितल्या. सहाही तारांचे वेढे सारखेच सुटले होते, एकही ओरबाडलेली नाही, एकही तुटलेली नाही. कोणीतरी घाई न करता, एकेक करून त्या सोडल्या होत्या. आणि एक गोष्ट मला सकाळीच दिसायला हवी होती. उर्वीने काल दोन तास गिटार वाजवली, तरी तिच्यावर बोटाचा एकही डाग नव्हता. ती पुसलेली होती, कानाकोपऱ्यापासून.

पुसतो तो, ज्याला आपला माग ठेवायचा नसतो. माझ्या धंद्यातला हा पहिला धडा. आणि तारा सोडल्या की हा तरंगता ब्रिज कोसळणार, हे ठाऊक असणारी व्यक्ती आमच्यात एकच होती. वेदांतची दोन्ही रेघांतून सुटका झाली. उर्वीने त्याला आठ वाजून पन्नास मिनिटांनी फोन केल्याचं मी तिच्या मोबाईलवर तपासलं होतं, आणि त्याची स्वतःची गिटार साधी, घट्ट बसवलेल्या ब्रिजची होती. त्याला हे यंत्र कळतच नव्हतं.

"मग?" ताईंनी विचारलं. त्या बैठकीवर तंबोरा मांडीला लावून बसल्या होत्या. शेजारी संहिता होती, बँकेत नोकरी करणारी त्यांची जुनी शिष्या. सरला आणि उर्वी दाराशी.

"कोणीतरी मुद्दाम केलंय," मी म्हणालो. "ज्याला यंत्र कळतं, त्यानेच."

उर्वी रडायला लागली. ऋजुता तिची जवळची मैत्रीण होती. बाप गेल्यावर तीन महिने रोज सिमरोलहून येऊन जिने तिला गिटार धरायला शिकवली ती हीच. मला वाईट वाटलं, पण मोबाईल बाहेर काढून मी कोरी ओळ भरली : 'तांत्रिक माहिती असलेल्या व्यक्तीने हेतुपुरस्सर केलेला बिघाड.' चार वाजायला पाच मिनिटं होती.

"पाठवून द्या," ताई म्हणाल्या. मग तंबोरा बाजूला सारत संहिताला म्हणाल्या, "हा उतरवून ठेव गं."

५

संहिता चणीने लहान आणि तंबोरा चांगला माणसाएवढा. बैठकीवरून तो उचलून खाली घ्यायला मदत करावी म्हणून मी मोबाईल खिशात टाकून पुढे झालो.

"मी उतरवतो, द्या."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. सरलाने कपाळाला हात लावला.

"तुम्हाला नाही जमायचं," संहिता हसत म्हणाली. तिने तंबोरा जागचा हलवलाही नाही. एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने ती खुंटी हळूहळू उलटी फिरवायला लागली. सूर कण्हत खाली आला. मग दुसरी तार, तिसरी, चौथी. चारही सैल झाल्यावर तिने उशाचं मलमलचं फडकं घेतलं, तंबोरा भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत पुसला आणि गवसणी चढवली.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"उतरवून ठेवला," ती म्हणाली. "वाजवून झालं की तारांचा ताण काढून ठेवायचा. नाहीतर वाद्याच्या जिवाला त्रास होतो. ताईंचा नियमच आहे."

मी डायरी काढली. सकाळची ओळ तिथे माझ्या सुवाच्य अक्षरात बसली होती. गाडीचं नाव ताईंनी काढलंच नव्हतं. गाडी माझी होती, माझ्या डोक्यातली. 'नेहमीसारखं', त्या म्हणाल्या होत्या. जी गिटार त्या घरी पहिल्यांदाच आली, ती नेहमीसारखी गाडीतून कशी उतरेल?

सकाळपासून मी दोघांपैकी खोटं कोण बोलतं ते शोधत होतो आणि दोघंही खरं बोलत होते.

६

"ताई," मी म्हणालो, "काल शामरावांची गिटार तुम्ही उतरवून ठेवलीत. तंबोऱ्यासारखी?"

"तो क्या? वाद्य ते वाद्य." त्या अजून रागातच होत्या. "वेदांतने ठेवली तशीच सोडून देऊ? पेटी उघडून बघितलं तर उर्वीने तारा चढलेल्याच ठेवलेल्या. पहिल्यांदा शामचं वाद्य माझ्या घरी आलं हृषीकेशजी, मी त्याला तसंच ताणात निजवू? सहाही तारा उतरवल्या, पुसलं, पेटी लावली. सकाळी ही स्प्रिंगांची नासधूस..."

"स्प्रिंगांना कोणी हात लावलेला नाही."

मी गिटार त्यांच्यासमोर धरली आणि ऋजुताने मला सांगितलं तसंच सांगितलं. एकीकडून तारा, दुसरीकडून स्प्रिंगा. तंबोऱ्याच्या तारा सोडल्या की त्याला विश्रांती मिळते. याच्या सोडल्या की दुसऱ्या बाजूला धरणारं कोणी उरत नाही. पेटी लावल्यावर आत त्या स्प्रिंगा ब्रिजला सकाळपर्यंत लाकडात दाबत बसल्या.

ताईंनी त्या तडकलेल्या रोगणावरून बोट फिरवलं. मग बोट तिथेच ठेवून त्या रडल्या, मोठ्याने, कोणाचीही पर्वा न करता. सत्तरीच्या बाईला असं रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि तो मसुदा माझ्या खिशात होता, याची मला मनापासून लाज वाटली.

"आत्या, तुला कुठे माहीत होतं," उर्वी म्हणाली.

"मला माहीत नव्हतं, हे त्या पोरीला काय कामाचं?" ताईंनी डोळे पुसले. "हृषीकेशजी, तो मेल मिटवा. आणि ग्रुपवर लिहा. मी सांगते ते."

मी मोबाईल काढला. "'गैरसमजातून' अशी सुरुवात करू?"

"गैरसमज नाही. चूक. माझी चूक. लिहा, ऋजुताचा यात काही हात नाही. वाद्य मी..." त्या अडखळल्या. "उतरवलं, असं नका लिहू. अडीचशे लोक परत आपल्या मनाने अर्थ लावतील. लिहा, तारा मी सैल केल्या, त्यामुळे वाद्य मोडलं, आणि आळ तिच्यावर घेतला. खाली माझं पूर्ण नाव टाका."

मग त्यांनी स्वतः ऋजुताला फोन लावला. आधी चूक सांगून सरळ माफी मागितली. "आणि बेटा, गरज पडली म्हणून माफी मागते असं नको समजू. वेदांतची गिटार खाली तयार आहे, कार्यक्रम त्याच्यावर होईल. तू नाही आलीस तरी माझी माफी माफीच आहे."

ती आली. पाच वाजता आली, ताईंच्या पाया पडली नाही आणि फार बोललीही नाही. गिटार मांडीवर घेऊन बसली आणि तारा चढवायला लागली. एक तार सुरात आली की ब्रिज थोडा उचलला जायचा आणि आधी लावलेली सुरातून खाली घसरायची, मग पुन्हा पहिलीपासून. ताईंनी न सांगता तंबोरा उघडला, जुळवला आणि तिला सूर धरून दिला. सहा फेऱ्या झाल्यावर ब्रिज लाकडातून सुटून पुन्हा तरंगायला लागला. चरा तेवढा राहिला.

"तुला टपरीवरच कळलं होतं ना?" मी तिला हळूच विचारलं.

"हो. ताई तंबोरा कसा ठेवतात ते मी पाहिलंय." तिने खुंटीवरची नजर काढली नाही. "पण मी त्यांचं नाव घेतलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं, काका?"

मी काय लिहिलं असतं ते मला ठाऊक होतं : 'आळ दुसऱ्यावर ढकलण्याचा प्रयत्न.'

चौघांनी ताईंना खुर्चीतून खाली आणलं. शामरावांची चाल त्यांच्याच गिटारवर वाजली. शेवटच्या सुरावर उर्वीने दांडी हलकेच दाबली, सोडली, आणि सूर थरथरत जागेवर आला. पुढच्या रांगेत वेदांत तोंड फिरवून डोळे पुसत होता.

कार्यक्रम संपल्यावर ऋजुताने गिटार पुसली आणि पेटीत ठेवली. शेजारी खुर्चीत बसलेल्या ताईंचा हात सवयीने पेटीत गेला आणि खुंटीवर टेकला. मग त्यांनी ऋजुताकडे बघितलं.

"हिला नको ना गं?"

"नको, ताई. हिला चढलेलीच राहू द्या."

ताईंनी हात मागे घेतला आणि पेटी तिला लावू दिली.